गाडीतला आवाज: आधी दार, मग स्पीकर

प्रश्न: माझ्याकडे चार वर्षं जुनी हॅचबॅक आहे. स्टिरिओ आणि चारही स्पीकर कंपनीतूनच बसवून आलेले आहेत. मी बहुतेक गायन ऐकतो, रोजच्या येण्याजाण्यात तोच माझा विरंगुळा. पण गायकाचा आवाज कोंदट येतो, डग्गा जवळजवळ ऐकूच येत नाही आणि आवाज वाढवला की दारं झिरझिरतात. दुकानात विचारलं तर म्हणाले, सगळंच बदला: स्टिरिओ, चारही स्पीकर, वर ॲम्प्लिफायर आणि डिकीत मोठा सबवूफर. त्यांनी सांगितलेल्या रकमेचा फार तर तिसरा हिस्सा मी खर्च करू शकतो. एवढ्यात काही जमेल का? मित्र म्हणतो, निदान मागचे स्पीकर तरी बदल. आणि गाडीच्या वॉरंटीचं काय?

उत्तर: जमेल, आणि मनासारखं जमेल. तिसरा हिस्सा पुरेसा आहे, फक्त तो कुठे घालायचा ते नीट ठरवायला हवं. दुकानातली यादी वस्तूंची आहे. तुमच्या तक्रारींचं मूळ मात्र बहुतांशी पुढच्या दोन दारांच्या आत आहे. ती दारं आहेत तशी ठेवून त्यांत कितीही भारी स्पीकर बसवला तरी निम्मे पैसे वाया जातात, हे मी ठामपणे सांगतो.

कारण समजून घ्या, म्हणजे दुकानात बोलताना गोंधळ होणार नाही. स्पीकरचा पडदा पुढे सरकतो तेव्हा पुढची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची विरळ होते. म्हणजे पडद्याच्या मागून निघणारा आवाज पुढच्या आवाजाच्या बरोबर उलटा असतो. घरातल्या स्पीकरला जो बंद खोका असतो, तो या दोघांची गाठ पडू नये म्हणून. गाडीत त्या खोक्याचं काम दाराला करावं लागतं, आणि दार काही त्यासाठी बनवलेलं नसतं. आतलं प्लॅस्टिकचं ट्रिम काढून बघितलंत तर दिसेल: आतल्या पत्र्याला हाताचा पंजा सहज जाईल अशी मोठी भोकं, त्यांच्यावर चिकटवलेला पातळ प्लॅस्टिकचा कागद, आणि पलीकडे बोटाने टिचकी मारली तर टण्णकन वाजणारा बाहेरचा पत्रा. मागचा आवाज त्या भोकांतून सरळ पुढे येतो. १०० हर्ट्झच्या स्वराची लाट जवळजवळ साडेतीन मीटर लांब असते, त्यामुळे एवढ्याशा अंतरात पुढचा आणि मागचा आवाज एकमेकांना मारून टाकतात. तुमचा डग्गा तिथेच जातो. वरच्या स्वरांना हा त्रास फारसा होत नाही, म्हणून गाणं ऐकू येतं पण त्याला खालून आधार राहत नाही.

आता कामाचं. पहिल्या आठवड्यात एक पैसाही खर्च करू नका.

फोनवरच्या ॲपमध्ये गाण्याचा दर्जा 'लो' किंवा 'ऑटो' असेल तर तो सगळ्यात वरचा करा. फोनमधलं आणि ॲपमधलं इक्वलायझर बंद करा, कारण स्टिरिओचं इक्वलायझर त्यावर आणखी चढतं आणि दोन्ही मिळून गळ्याची वाट लावतात. ब्लूटूथऐवजी एकदा यूएसबीची तार लावून तेच गाणं ऐका. प्रत्येक गाडीत फरक पडेलच असं नाही, पण काही स्टिरिओंत तो स्पष्ट कळतो. ब्लूटूथवरच ऐकणार असाल तर फोनचा व्हॉल्यूम जवळजवळ पूर्ण ठेवा आणि कमी-जास्त स्टिरिओवरून करा.

मग स्टिरिओचं सेटिंग. लाउडनेस, बेस बूस्ट, 'कॉन्सर्ट हॉल' असलं जे काही चालू असेल ते बंद. बेस आणि ट्रेबल शून्यावर. एक गाणं पूर्ण ऐका आणि मग जे जास्त वाटतं ते कमी करा. कमी वाटतं ते वाढवू नका. कोंदट आवाज बहुधा २०० ते ४०० हर्ट्झच्या पट्ट्यातल्या गर्दीमुळे येतो. स्टिरिओत 'मिड' किंवा तसला पट्टा असेल तर तो दोन-तीन पायऱ्या खाली आणून बघा, गळा मोकळा होतो का ते लगेच कळेल. फेडर (पुढच्या-मागच्या स्पीकरमध्ये आवाज वाटणारं सेटिंग) पुढे सरकवा, इतका की मागचे स्पीकर चालू आहेत हे फक्त ते बंद केल्यावर जाणवावं.

स्टिरिओत 'टाइम अलाइनमेंट' किंवा नुसतं बसण्याची जागा निवडायचा पर्याय आहे का तेही शोधा. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. तुमच्या बाजूचा स्पीकर दुसऱ्या बाजूच्यापेक्षा अर्धा मीटर जवळ असेल तर त्याचा आवाज जवळपास दीड मिलिसेकंद आधी पोचतो, आणि एवढ्यानेही गायक समोर न बसता दारात बसल्यासारखा वाटतो. जवळच्या स्पीकरला तेवढा उशीर दिला की गळा मध्ये येतो. पर्याय नसेल तर बॅलन्स एखाद-दोन घरं पलीकडे सरकवा, थोडीफार भरपाई होते.

एवढं केल्यावरही समाधान नसेल, आणि तुमचं वर्णन वाचता ते नसणारच, तर दारं उघडायची. त्याआधी झिरझिर नक्की कुठून येते ते शोधा. शांत जागी गाडी उभी करा, इंजिन बंद ठेवा. फोनवर टोन वाजवणारं एखादं फुकटचं ॲप घ्या आणि ४० पासून २०० हर्ट्झपर्यंत स्वर हळूहळू चढवत न्या. कोणालातरी सोबत घ्या. एकाने स्वर चढवायचा, दुसऱ्याने हाताचा तळवा दारावर फिरवायचा. अमुक एका स्वराला ट्रिमचा खालचा कोपरा थरथरेल, दुसऱ्याला काचेचं बटण असलेली पट्टी, कधी स्पीकरची जाळी, तर कधी दाराच्या खिशातली नाणी आणि चष्म्याची डबीसुद्धा. दाबल्यावर आवाज थांबला की ती जागा चिकटपट्टीने खूण करून ठेवा. आरसे, नंबर प्लेट, मागचा पार्सल ट्रे हेही तपासा. पुढे बेस वाढला की तेच आधी बोलायला लागतात.

दारात काय करायचं ते आता जरा सविस्तर सांगतो, कारण दुकानात हेच काम घाईत उरकतात.

लागणारा माल म्हणजे ब्युटाइल रबराच्या, वरून ॲल्युमिनियमचा पत्रा असलेल्या डॅम्पिंग शीट. डांबराच्या स्वस्त शीट घेऊ नका. उन्हात गाडी तापली की त्या मऊ पडतात, वास येतो आणि काही सुटून खाली घसरतात. पहिला थर बाहेरच्या पत्र्याला आतल्या बाजूने. संपूर्ण दार मढवायची गरज नाही, स्पीकरच्या बरोबर मागची जागा आणि पत्र्याचा मधला सपाट भाग मिळून तिसरा हिस्सा झाकला तरी पत्र्याची थरथर बरीचशी मरते. लावण्याआधी पत्रा अल्कोहोलने पुसून कोरडा करायचा आणि शीट रोलरने दाबायची, इतकी की तिच्यावरची नक्षी सपाट व्हावी. नुसती हाताने थापटलेली शीट हे काम करत नाही. झाल्यावर पुन्हा टिचकी मारा. टण्णच्या जागी थप्प आवाज आला पाहिजे.

दुसरा थर जास्त महत्त्वाचा: आतल्या पत्र्यावरची ती मोठी भोकं बंद करणं. मोठ्या भोकावर आधी ॲल्युमिनियमची किंवा पक्क्या प्लॅस्टिकची पट्टी बसवून वर शीट लावतात, म्हणजे ती आत पिचकत नाही. इथे तीन गोष्टी सांभाळा. दाराच्या तळाशी पाणी निघून जाण्यासाठी बारीक भोकं असतात, ती कधीही बंद करायची नाहीत. पावसाचं पाणी काचेच्या रबरातून आत येतच असतं, ते साचलं तर दार गंजेल. दुसरं, काच वर-खाली करणारी यंत्रणा आणि कुलपाच्या सळया मोकळ्या राहिल्या पाहिजेत. तिसरी गोष्ट सुरक्षेची आहे. काही गाड्यांत बाजूच्या एअरबॅगसाठी दारातल्या हवेचा दाब मोजणारा सेन्सर असतो. तुमच्या गाडीत तो आहे का हे सर्व्हिस सेंटरला विचारा. असेल तर त्यांना विचारल्याशिवाय दारातली कुठलीही भोकं बंद करू नका आणि नवी तर पाडूच नका. पिवळ्या रंगाच्या कपलरला आणि वायरींना हात लावायचा नाही, त्या बहुधा एअरबॅगच्या असतात.

ट्रिम परत बसवण्याआधी स्पीकरच्या कडेने फोमची एक जाड पट्टी गोलाकार चिकटवा, अशी की ट्रिम बसल्यावर ती दबून जाळीच्या मागच्या बाजूला टेकेल. नाहीतर पुढचा आवाजही ट्रिमच्या पोकळीत शिरतो. ही एवढीशी पट्टी कोंदटपणा किती कमी करते ते ऐकल्यावरच पटतं.

आता पुढचे स्पीकर. तुमचे कंपनीचे स्पीकर मी वाईट म्हणणार नाही. हलका कागदी पडदा आणि मुठीत झाकलं जाईल एवढं चुंबक, पण कमी ताकदीवर मोठ्याने वाजण्यासाठीच ते बनवलेले असतात. म्हणूनच नवीन घेताना डब्यावरचे वॅट वाचून भुलू नका. स्टिरिओवर '५० वॅट गुणिले ४' असं लिहिलेलं असलं तरी इंजिन चालू असताना गाडीत साधारण १४ व्होल्ट असतात, आणि ४ ओहमच्या स्पीकरला त्यातून निघणारी सलग ताकद गणितानेच २५ वॅटच्या आत अडकते. प्रत्यक्षात स्वच्छ मिळतात ते १५ ते २० वॅट. जड पडद्याचा, '१०० वॅट आरएमएस' (म्हणजे सलग ताकद) झेलणारा स्पीकर या ताकदीवर लावलात तर तो जुन्यापेक्षा हळू आणि मरगळलेला वाजेल. त्यामुळे तुम्ही बघायचा आकडा म्हणजे सेन्सिटिव्हिटी, तेवढ्याच ताकदीवर स्पीकर किती मोठा वाजतो ते. ८७ डेसिबलच्या स्पीकरपेक्षा ९० डेसिबलचा स्पीकर अर्ध्या ताकदीत तेवढाच मोठा वाजतो. ९० किंवा त्याच्या वरचा घ्या. मात्र काही कंपन्या हा आकडा फुगवून छापतात, म्हणून शक्य झालं तर दोन-तीन स्पीकर तुमच्याच ओळखीचं गाणं लावून ऐका, आणि आवाजाची पातळी सारखी ठेवायला सांगा. थोडा मोठा वाजणारा स्पीकर कानाला नेहमीच जास्त चांगला वाटतो.

ओहम तपासणंही विसरू नका. बहुतेक गाड्यांत ४ ओहमचे स्पीकर असतात, पण काहींत २ ओहमचेही असतात. जुना स्पीकर सुटा करून मल्टिमीटर लावला तर ४ ओहमचा स्पीकर साधारण सव्वातीन ते पावणेचार दाखवतो. मीटरवर दोनच्या आतबाहेर आकडा आला तर तो २ ओहमचा समजा आणि नवा घेताना तसं सांगा. उलट करू नका: ४ ओहमसाठी बनलेल्या स्टिरिओवर २ ओहमचा स्पीकर लावला तर स्टिरिओ तापतो.

काँपोनंट घ्यावेत की कोॲक्सिअल? तुम्ही गायन ऐकता म्हणून माझं मत काँपोनंटकडे झुकतं. त्यात ट्वीटर (बारीक स्वरांचा छोटा स्पीकर) वेगळा असतो आणि तो वर, आरशाजवळच्या त्रिकोणी पट्टीत बसवता येतो. कोॲक्सिअलमध्ये तो खाली दारातल्या स्पीकरच्या मध्यावर असतो आणि त्याचे बारीक स्वर तुमच्या पोटरीवर आपटतात. शब्दांची धार, तानपुऱ्याची झणझण कानापर्यंत नीट पोचायला ट्वीटर वर लागतो. तुमच्या गाडीत ट्वीटरची जागा आधीपासूनच असेल तर प्रश्नच नाही. नसेल तर छोटी खाच पाडावी लागेल, पण पुढच्या काचेच्या खांबात कर्टन एअरबॅग (बाजूच्या काचांवर पडद्यासारखी उघडणारी) असेल तर त्या खांबावर काहीही बसवायचं नाही आणि वायरही तिच्या वाटेतून न्यायची नाही.

स्पीकरची खोली मोजताना काच पूर्ण खाली घेऊनच मोजा. नवीन स्पीकरचं चुंबक मोठं असतं, काच त्याला घासली तर तुटेल. स्पीकर आणि दार यांच्या मधली रिंग प्लॅस्टिकची घ्या. एमडीएफची (दाबलेल्या लाकडी भुशाची) रिंग दारातल्या ओलीने फुगते, ती घ्यायचीच असेल तर सगळ्या बाजूंनी रंगवून घ्या. आणि गाडीची मूळ वायर कापू देऊ नका. बहुतेक गाड्यांसाठी तयार कपलर मिळतो, एका टोकाला गाडीचा, दुसऱ्या टोकाला स्पीकरचा. स्पीकरची कुठलीही वायर गाडीच्या बॉडीला लागता कामा नये, नाहीतर स्टिरिओचा आतला ॲम्प जळतो.

बसवून झाल्यावर दुकानातून निघण्याआधी एक तपासणी जरूर करा. बॅलन्स मध्यावर ठेवून एकट्या गायकाचा आवाज असलेलं गाणं लावा. गळा एका जागी ठाम न वाटता सगळीकडे पसरल्यासारखा येत असेल आणि बेस गायब असेल, तर एका बाजूच्या दोन वायरी उलट जोडल्या गेल्या आहेत. एका स्पीकरच्या वायरी अदलाबदल केल्या की डग्गा परत येतो.

इथपर्यंत तुमच्या रकमेचे पाच भाग धरले तर एक भाग शीट, रिंगा आणि फोममध्ये गेला, दोन भाग काँपोनंटमध्ये. उरलेले दोन भाग सीटखाली बसणाऱ्या ॲक्टिव्ह सबवूफरसाठी ठेवा. सात-आठ इंची पडदा, ॲम्प त्याच्यातच. छाती हादरवण्याचं काम त्याचं नाही. पण तुम्हाला हवा असलेला डग्ग्याचा घुमारा तो नेमका देतो, डिकीही मोकळी राहते. चालत्या गाडीत टायर आणि रस्त्याची घरघर खालच्या स्वरांतच सगळ्यात जास्त असते, म्हणून उभ्या गाडीत पुरेसा वाटणारा बेस हायवेवर नाहीसा होतो. छोट्या सबचा खरा उपयोग तिथे आहे.

त्याची पॉवर मात्र थेट बॅटरीवरून घ्यायची, आणि फ्यूज बॅटरीपासून ४५ सेंटिमीटरच्या आत हवाच. तो सबजवळ लावून उपयोग नाही, कारण पत्र्याला घासून वायर सोलली गेली तर आग लागू शकते ती मधल्या लांबीत. इंजिनकडून आत येताना वायर रबरी बुशमधून यावी. अर्थिंगची वायर आखूड, रंग खरवडलेल्या पत्र्यावर घट्ट. आणि वायर शुद्ध तांब्याची मागा. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायर तेवढ्याच जाडीत बरीच कमी करंट वाहून नेते. सिग्नल मागच्या स्पीकरच्या वायरीवरून मिळतो, बहुतेक ॲक्टिव्ह सबना तशी सोय असते. पण फेडर पुढे सरकवला की त्या वायरीतला सिग्नलही कमी होतो, म्हणून फेडर आधी ठरवा आणि सबचा गेन, म्हणजे त्याच्या आवाजाची पातळी, त्यानंतर लावा.

सबचा लो पास (वरचे स्वर अडवणारं सेटिंग) ८० हर्ट्झच्या आसपास ठेवा. स्टिरिओत हाय पास (खालचे स्वर अडवणारं) असेल तर पुढच्या दारांनाही ८० चा द्या. नसेल तर ४ ओहमच्या स्पीकरला ४०० मायक्रोफॅरडचा नॉन-पोलर कपॅसिटर मालिकेत लावला की साधारण १०० हर्ट्झपासून खालचा भार उतरतो. दुकानात त्याला बेस ब्लॉकर म्हणतात आणि तो अगदी स्वस्त असतो. मोठ्या ताना घेताना दारातला स्पीकर फाटल्यासारखा वाजायचा थांबतो, तो यामुळे. सबचा गेन शून्यापासून हळूहळू वाढवा आणि सब वेगळा ऐकू यायला लागला की थोडा मागे घ्या.

पैसे कमी पडले तर सब पुढे ढकला, डॅम्पिंग नाही. स्टिरिओ बदलण्याचा विचार सोडून द्या. आजकाल रिव्हर्स कॅमेरा, स्टिअरिंगवरची बटणं आणि कधी एसीसुद्धा त्याच्याशी बांधलेला असतो, त्यामुळे जोडणीवरच खर्च होतो आणि आवाजात मिळतं थोडंच. पुढे कधी ऐपत वाढली तर चार चॅनेलचा छोटा ॲम्प घ्या, स्पीकरच्या तारांवरून सिग्नल घेणारा. आतून डीएसपी (आवाजावर डिजिटल प्रक्रिया करणारी चिप) असलेला मिळाला तर फारच चांगलं, टाइम अलाइनमेंट त्यातच होते.

तुमच्या मित्राच्या सल्ल्याबद्दल: मागचे स्पीकर बदलू नका. गाणारा समोर असतो, गाणं समोरूनच यायला हवं. मागच्या सीटवर माणसं बसतात तेव्हा आहेत ते स्पीकर त्यांना पुरतात.

वॉरंटीबाबत तुमच्या गाडीच्या पुस्तिकेतलं कलम वाचा आणि सर्व्हिस सेंटरला लेखी विचारा. सहसा वाद होतो तो कापलेल्या वायरिंगवरून आणि बॅटरीवरून काढलेल्या जोडणीवरून, म्हणून कपलर आणि फ्यूज याबाबत तडजोड करू नका. काढलेले जुने स्पीकर, त्यांचे स्क्रू आणि दाराच्या क्लिपा एका खोक्यात भरून वर कुठल्या दाराचा कुठला ते लिहून ठेवा. गाडी विकताना ते परत बसवून तुमचे काँपोनंट आणि सब पुढच्या गाडीत नेता येतील. दारातल्या शीट मात्र तिथेच राहू द्या.